खेळाडूचं बळ कसं मोजावं?



एका क्रीडाशिक्षकाच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायची संधी मिळाली, हा मी माझा मान समजतो. विषय निवडायचं स्वातंत्र्य आयोजकांनी मला दिलं होतं. खेळाडूच्या स्नायूंची ताकद आणि शक्ती मोजायची कशी, हा विषय मी मुद्दाम निवडला. पांढुर्णा काय, सौंसर काय, पहाटे कुठल्याही मैदानावर गेलं तर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली दिसतात. मध्य प्रदेश पोलिसांच्या शारीरिक चाचणीत ८०० मीटर धाव, लांब उडी आणि गोळाफेक असते. सीमेपलीकडे महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धाव व गोळाफेक द्यावी लागते. अग्निवीर व्हायचं असेल तर १.६ किलोमीटर धावून झाल्यावर बीमला लटकून शरीर वर ओढायचं. असे दहा पुलअप्स निघाले तर पूर्ण ४० गुण. या आकड्यांवर आपल्याकडच्या कितीतरी घरांतली पहिली पगाराची नोकरी ठरते.

पण हे मोजमाप होतं केव्हा? निवडीच्या दिवशी, परक्या मैदानावर, परक्या माणसाकडून. त्याआधीची दोन-तीन वर्षं पोरगं घाम गाळत असतं आणि आपलं बळ वाढलं की जागच्या जागी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यातून वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालयं मिळतील, रस्ते मिळतील. त्याच्या शाळांमध्ये मुलांच्या बळाची प्रामाणिक नोंद सुरू व्हावी, अशी माझी इच्छा आहे, आणि आजचं सगळं बोलणं त्याच इच्छेपोटी आहे.

आधी एक फरक स्पष्ट करतो. स्नायू जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, ती त्याची ताकद. तोच जोर किती वेगानं लावता येतो, ती शक्ती. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आपण शिकलो, कार्य भागिले वेळ म्हणजे शक्ती. मैदानावरही तेच लागू पडतं. भरलेली बंडी चिखलातून ओढून काढणारी बैलजोडी आणि शंकरपटात सुसाट सुटणारी बैलजोडी, या दोन्ही जोड्या आपल्या ओळखीच्या आहेत. एकीला दुसरीच्या कामाला जुंपून कोणी शेतकरी तिची पारख करत नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण तसं सर्रास करतो.

यामागचं शास्त्र इंग्लंडच्या ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून मांडलं. स्नायूंच्या उष्णतेवरील कामासाठी त्यांना १९२२ सालचं नोबेल आधीच मिळालेलं होतं. हिल यांनी दाखवलं की स्नायू जितक्या वेगानं आखडतो तितका त्याचा जोर कमी होतो. न हलणाऱ्या वस्तूवर जोर सगळ्यात जास्त लागतो, पण हालचाल शून्य, म्हणून शक्तीही शून्य. अगदी रिकामा हात झटकला तर वेग भरपूर, जोर नगण्य. शक्ती पुन्हा जवळपास शून्यच. या दोन टोकांच्या मध्ये, साधारण सर्वाधिक वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याला, शक्ती कमाल होते. म्हणून एका चाचणीनं खेळाडूचं पूर्ण बळ कळत नाही. पैलवानाला जिथं जोर टिकवायचा असतो तिथं एक माप, आणि उडी मारणाऱ्या मुलीला जिथं पाव सेकंदात सगळं झोकून द्यायचं असतं तिथं दुसरं.

आपल्या परंपरेनं बळाकडे डोळेझाक केली, असं कुणी म्हणू नये. इथून वरुड-मोर्शीच्या वाटेनं अमरावतीला गेलं की श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वैद्य बंधूंनी ते १९१४ साली उभं केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं जगाला आपले देशी खेळ दाखवले. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत सिद्ध केले, एवढं काम त्या काळी फार थोड्या भाषांत झालं असेल. पण आखाड्यात मोजणी झाली ती बहुधा संख्येची: किती जोर, किती बैठका. पाचशे बैठका मारणाऱ्याचा दम दांडगा असतो, त्याला माझा नमस्कार आहे. तरी त्या पाचशेव्या बैठकीनं त्याच्या पायाची कमाल ताकद किंवा उडीची शक्ती कळत नाही. दम, ताकद आणि शक्ती ही तीन वेगळी खाती आहेत.

जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाचा सुमारे ४२ किलोचा खंडा एका हातात तोलून धरायची स्पर्धा होते. जो जास्त वेळ धरील तो जिंकला. स्नायू आखडलेला, पण सांधा हलत नाही. क्रीडाशास्त्र याला स्थिर ताकद म्हणतं. भक्तीच्या अंगणात शतकानुशतकं रुजलेली ही चाचणी आहे आणि तिचे नियमही पक्के आहेत: वजन तेच, हात एकच, मोजायचा तो वेळ. चाचणीत काय बदलू द्यायचं आणि काय नाही, हे तिथं आधीच ठरलेलं आहे.

ताकद मोजण्याचं हातात मावणारं यंत्र मात्र पॅरिसमध्ये तयार झालं. एदमे रेन्ये नावाच्या कारागिरानं १७९८ साली लंबवर्तुळाकार पोलादी स्प्रिंगचं शक्तिमापक जगापुढे ठेवलं. दाबलं किंवा ओढलं की काटा फिरे. त्यानंतर लगेच, १८०० साली, बोदँ यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच जहाजं ऑस्ट्रेलियाकडे निघाली. त्यांच्यातला तरुण निसर्गअभ्यासक फ्रान्स्वा पेराँ हे यंत्र बरोबर घेऊन गेला. तिथल्या आदिवासींची, तिमोर बेटावरच्या लोकांची आणि युरोपियांची ताकद त्यानं मोजली आणि आदिवासी दुबळे असतात, असा निष्कर्ष छापला. ज्यांनी ते यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं, ज्यांना ते कशासाठी दाबायचं हेही पटलेलं नव्हतं, अशा मोजक्या माणसांच्या आकड्यांवरून त्यानं सगळ्या समाजाला दुबळं ठरवलं.

ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट मी एवढ्या तपशिलानं सांगतो, कारण तिची छोटी आवृत्ती आजही घडते. आपल्या खेड्यातली पंधरा वर्षांची मुलगी मोठ्या शहरात निवड चाचणीला जाते. तिथं तिच्या हातात शक्तिमापक येतं किंवा तिला इलेक्ट्रॉनिक चटईवर उडी मारायला सांगतात. शहरातल्या मुलींनी ते दहादा केलेलं असतं, ही पहिल्यांदाच पाहते. आकडा कमी येतो आणि कागदावर शेरा पडतो. सरावाची चाचणी दिल्याशिवाय घेतलेला आकडा खेळाडूचं बळ सांगत नाही, त्याची अनोळख सांगतो. कोणत्याही चाचणीआधी निदान दोन वेगळ्या दिवशी तिची तालीम द्यावी, हा माझ्या दृष्टीनं या शास्त्रातला पहिला नियम आहे.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. हार्वर्ड विद्यापीठाची व्यायामशाळा सांभाळलेले डडली सार्जंट यांनी १९२१ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. आज ती अशी घेतात: भिंतीला बाजू लावून उभं राहायचं, हात सरळ वर ताणून खडूची खूण करायची. मग जागेवरूनच गुडघे वाकवून उडी घ्यायची आणि जिथं हात पोचेल तिथं दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. शंभर वर्षांत प्रयोगशाळा बदलल्या, पण जगातले प्रशिक्षक अजून हीच उडी मोजतात. पहिली खूण नीट घेणं मात्र फार महत्त्वाचं आहे. खांदा थोडा खाली ठेवला की उडी आपोआप तीन-चार सेंटिमीटरनं वाढते. मुलाला खूण करताना पाहा, खांदा कानाला टेकेपर्यंत ताणायला लावा, टाचा जमिनीवर आहेत ना ते बघा.

या उडीवरून शक्तीही काढता येते. १९९९ साली सेयर्स आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र असं: सेंटिमीटरमधली उडी गुणिले ६०.७, त्यात किलोमधलं वजन गुणिले ४५.३ मिळवा आणि २०५५ वजा करा, उत्तर वॅटमध्ये. ४५ किलोच्या मुलीनं ३५ सेंटिमीटर उडी मारली तर तिची कमाल शक्ती सुमारे २१०० वॅट. तेवढीच उडी ७० किलोच्या मुलानं मारली तर सुमारे ३२४० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे आपली ही मुलगी क्षणभर पावणेतीन घोड्यांच्या मोटारीएवढं काम करते! उडी सारखी आणि शक्ती वेगळी, हे मुलांना फळ्यावर करून दाखवा. गणिताच्या तासाला त्यांचं स्वतःचं शरीर उदाहरण म्हणून आलं, तर सूत्रं पाठ करायला सांगावं लागणार नाही.

भिंत नसेल तर मोबाइल आहे. उडीतला हवेतला वेळ कळला की उंची निघते: गुरुत्वाकर्षणाचं त्वरण गुणिले वेळेचा वर्ग, भागिले आठ. सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या संथ चित्रणात पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत १२० चित्रं भरली, तर वेळ अर्धा सेकंद आणि उडी जवळपास ३१ सेंटिमीटर. इथंही एक पळवाट आहे. हवेत गुडघे पोटाशी घेतले की पाय उशिरा टेकतात आणि उडी खोटी वाढते. सुटताना जसे पाय सरळ होते तसेच टेकताना असायला हवेत. कार्मेलो बॉस्को यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर चटईवरच्या उड्यांची पूर्ण मालिका बसवली, तीही सरळ पायांच्या अटीवरच उभी आहे.

जागेवरून लांब उडी हे दुसरं स्वस्त माप. धाव घेऊन मारलेल्या लांब उडीत वेग, पाटीवरचा पाय आणि सराव या तिन्हींचा वाटा असतो. जागेवरून मारली तर राहतं ते पायांचं बळ. एकेकाळी हा ऑलिम्पिकचा खेळ होता. अमेरिकेच्या रे यूरी यांना लहानपणी पोलिओ झाला होता, आयुष्य चाकाच्या खुर्चीत जाईल अशी भीती होती. पायांच्या व्यायामानं ते उभे राहिले आणि १९०० ते १९०८ या तीन ऑलिम्पिकमध्ये जागेवरच्या उड्यांची आठ सुवर्णपदकं जिंकली. १९०४ साली त्यांची जागेवरची लांब उडी ३.४७ मीटर होती. फीत घेऊन ते अंतर एकदा मैदानावर आखा आणि मुलांना नुसतं बघू द्या.

हातांच्या शक्तीसाठी भरतीतला गोळा आहेच, पण गोळाफेकीत निम्मी कला असते. ज्याला वर्तुळातली घसरण जमते तो कमी बळातही लांब फेकतो. म्हणून भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसवायचं आणि छातीपासून दोन्ही हातांनी मेडिसिन बॉल फेकायला लावायचा. तो विकत घ्यायलाच हवा असं नाही. जुन्या बास्केटबॉलमध्ये वाळू भरून, काट्यावर तीन किलो तोलून, चिरा शिवून टाकला तरी चालतो. वजन मात्र वर्षभर तेच राहिलं पाहिजे. बसून केलेली फेक वाढते आहे आणि गोळा जागचा हलत नाही, असं दिसलं तर ताकद कमी नाही, कला शिकवायला हवी, एवढं त्यातून नेमकं कळतं.

फेकीचा विषय निघाला आहे, तर पांढुर्ण्यात बोलताना एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रातल्या पळसाच्या झाडासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. या गोटमारीवर श्रद्धा असणाऱ्या माणसांचा मी आदर करतो. पण तिनं जीव घेतले आहेत, डोळे घेतले आहेत, आणि दरवर्षी जखमींची रांग लागते. त्या दोन्ही काठांवर खांद्यात आणि मनगटात विलक्षण शक्ती असलेले तरुण उभे असतात. त्यांच्या हातात भाला द्या, पुढे फीत धरा आणि अंतर लिहून ठेवा. या दोन गावांतून देशाला भालाफेकपटू मिळायला हवेत, असं मी पूर्ण विचारांती म्हणतो.

ताकदीची खरी कसोटी मात्र वजनाच्या बारवर लागते. एकदाच, नीट पद्धतीनं उचलता येईल असं सर्वांत जास्त वजन, याला एकवारी कमाल म्हणू. भारोत्तोलनाचा सामना म्हणजे हीच चाचणी हजारो डोळ्यांसमोर दिलेली. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असं एकूण २४८ किलो उचललं. पुढच्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली, तरी तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला. सुवर्ण मलेशियाच्या खेळाडूला गेलं २४९ किलोवर. एका किलोचं मोल काय असतं, हे मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि कमाल वजनाशी खेळताना शरीर किती जोखमीत असतं, हेही त्याच दिवशी दिसलं.

म्हणून शाळेच्या पोरांची एकवारी कमाल थेट काढू नका. पाच ते आठ वेळा नीट उचलता येईल असं वजन द्या आणि अंदाज काढा. एप्ले यांच्या सूत्रानं वजन गुणिले आवर्तनं, भागिले तीस, एवढी भर वजनात घालतात: ६० किलो पाच वेळा उचललं तर अंदाज ७० किलो. ब्रिझ्की यांच्या सूत्रानं तोच अंदाज साडेसदुसष्ट येतो. दोन्हींत अडीच किलोचं अंतर आहे. एक सूत्र धरा आणि ते बदलू नका. दहापेक्षा जास्त आवर्तनं झाली की दोन्ही सूत्रं भरवशाची राहत नाहीत. बैठकीत मांडी जमिनीला समांतर गेली की नाही, हे दरवेळी एकाच माणसानं पाहावं. अर्धवट बैठकीत वाढलेले वीस किलो हे ताकद वाढल्याचं लक्षण नसतं.

कबड्डी आणि कुस्तीसाठी पकडीची ताकद मोजावी. हाताच्या शक्तिमापकावर दोन्ही हातांनी तीन-तीन प्रयत्न, त्यातला उत्तम आकडा, आणि मूठ हाताच्या मापाला लावून घेतलेली. ही पकड खेळापुरती नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, भारतासह १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० प्रौढांच्या अभ्यासात पकड ५ किलोनं कमी असणं हे मृत्यूच्या १६ टक्के जास्त जोखमीशी जोडलेलं आढळलं. बाजारात पोती उचलणारा हमाल आणि बगीच्यात संत्र्याचे क्रेट भरणारी बाई यांचे हातही मोजण्यासारखे आहेत, त्यांनाही मोजणीला बोलवा.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांबद्दल फार बोलत नाही. इटलीतल्या मार्गारिया यांची १९६६ ची जिन्यावरची चाचणी, सायकलवर ३० सेकंद जीव तोडून पायडल मारण्याची विंगेट चाचणी, ठरावीक वेगानं गुडघा फिरवणारी समवेगी यंत्रं, जमिनीचा दाब टिपणारी पाटी, हे सगळं ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी शोभतं. जिन्याची चाचणी हातातल्या घड्याळावर करू नका, एवढं नक्की सांगतो. ६० किलोचा मुलगा सव्वा मीटरपेक्षा कमी उंची अर्ध्या सेकंदात चढतो. तुमच्या अंगठ्याची चूकच दोन दशांश सेकंदाची असते. जिथं वेळ इतका कमी, तिथं हाताचं घड्याळ खोटं बोलणारच.

आता पद्धत. चाचणी दरवेळी त्याच वेळी, त्याच जमिनीवर, तशाच बुटांत घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन डोक्यावर येण्याआधी सकाळीच उरका. अंग तापवण्याचा क्रम सगळ्यांना एकच असू द्या. तीन प्रयत्न द्या, मध्ये पुरती विश्रांती द्या. आणि सर्वांत आधी तुमच्या मोजमापाची चूक शोधा: दहा मुलांची उडी आज घ्या, दोन दिवसांनी पुन्हा घ्या. काही न करताही दोन सेंटिमीटरचा फरक पडत असेल, तर पुढं एका सेंटिमीटरच्या वाढीला प्रगती म्हणायचं नाही.

मुलांची तुलना करताना वयाचा विसर पडू देऊ नका. चौदाव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसरा अजून पोरगेला असतो. दोघांचे आकडे एका फळ्यावर लावले तर उशिरा वाढणारा मुलगा खेळ सोडतो, आणि कित्येकदा तोच पुढं उंच आणि बळकट निघतो. उंची झपाट्यानं वाढते त्या वर्षी उडी थोडी मागेही येते. मुलाला रागावू नका, वहीत उंची लिहून ठेवा. मुलींचं वजन बाईंनी घ्यावं, बाजूला घ्यावं, मोठ्यानं वाचू नये. वजनाच्या काट्यावरच्या चेष्टेनं मैदान सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि ते नुकसान कुठल्याही यंत्रानं भरून निघत नाही.

इथं बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला आणि शिक्षिकेला माझी हात जोडून विनंती आहे. पोळा झाला की एकदा आणि होळीच्या आधी एकदा, असं वर्षातून दोनदा मोजा. प्रत्येक मुलामुलीच्या नावाचं एक पान ठेवा. त्यावर तारीख, उंची, वजन, भिंतीवरची उडी, जागेवरची लांब उडी, बसून केलेली फेक आणि पुलअप्स लिहा. मुलानं शाळा सोडली तर ते पान दाखल्याबरोबर त्याच्या हातात द्या. खडू, फीत, वाळू भरलेला चेंडू आणि दोनशे पानांची वही एवढाच खर्च आहे. हे काम येत्या सोमवारी सुरू करा.